सर्फबोर्डला गोणपाट लावायचं की मांजरपाट? आधी वजनकाटा घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात राहता, गेले दोन हिवाळे मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकलात आणि आता सात फुटी बोर्ड घरीच बनवायचा आहे. थर्माकोलचा ठोकळा मिळवलाय. काचेचं कापड अंगाला खाजतं आणि निसर्गालाही बरं नाही, म्हणून त्याऐवजी गोणपाट किंवा खादी चालेल का? तीन फिनही (बोर्डाच्या तळाला शेपटीकडे बसवायचे कल्ले) त्याच कापडाच्या होतील का? आणि नैसर्गिक कापड असल्यामुळे रेझिन, म्हणजे कापडात भिनून घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, कमी लागेल का?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर हो, तिसऱ्याचं नाही. रेझिन कमी लागत नाही, उलट बरंच जास्त लागतं, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तिथेच आहे. कापड ज्यूटचं घ्यायचं की सुती, हे नंतर बघता येईल. त्या कापडाच्या पोटात पाणी किती राहिलं, त्यानं रेझिन किती प्यायलं आणि तुम्ही ते बोर्डाच्या कुठल्या भागात लावलं, यावर बोर्ड एक मोसम टिकणार की आठ, हे ठरतं.

मी मालवणकडे फायबरच्या होड्यांचं काम करतो, त्याला आता बावीस वर्षं झाली. बोर्ड बनवायला लागून दहा वर्षं होतील. त्यांतल्या चौदा बोर्डांना ज्यूट, सुती किंवा लिनन लावलंय. फिन किती केल्या ते मोजलेलं नाही. खाली जे सांगतोय ते या कामातून आलेलं आहे. तुमचं वजन, तुम्ही कुठल्या लाटेवर जाणार, बोर्ड उन्हात किती राहणार यानुसार त्यात थोडा फरक पडेल. गोव्याच्या वाळूवर फुटणाऱ्या मऊ लाटेला जे चालतं, ते खडकाळ तळावरच्या दणकट लाटेला चालेलच असं नाही.

आधी हिशेब करू. सात फुटी, साडेएकवीस इंच रुंद बोर्डाच्या एका बाजूला, कडेवरून वळवायचं कापड धरून, साधारण एक चौरस मीटर कापड लागतं. नेहमीचं काचेचं कापड, ज्याला सगळे 'चार औंस' म्हणतात, ते चौरस मीटरला 136 ग्रॅम भरतं. रबरी पट्टीनं नीट ओढलं तर तेवढंच रेझिन पितं. वर दोन थर आणि खाली एक धरला तर कापड आणि रेझिन मिळून आठशे ग्रॅम. आता गोणपाट घ्या. बाजारातलं मध्यम जाडीचं चौरस मीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास असतं, आणि हातानं काम केलं तर स्वतःच्या वजनाच्या दुप्पट रेझिन पितं. वर एक थर, खाली एक थर, म्हणजे सहाशे ग्रॅम कापड आणि बाराशे ग्रॅम रेझिन. बोर्ड एक किलोनं जड झाला आणि रेझिन चारशेचं बाराशे ग्रॅम झालं. ते रेझिन पेट्रोलियमचंच आहे. निसर्गासाठी म्हणून गोणपाट लावलं आणि तिप्पट प्लास्टिक ओतलं, तर त्या गोणपाटाचा उपयोग काय झाला?

असं का होतं, ते कापड जवळून बघितलं की कळतं. काचेचा तंतू गुळगुळीत आणि भरीव असतो, सूत सरळ आणि चपटं बसतं. ज्यूटचं सूत पिळलेलं, केसाळ असतं, प्रत्येक तंतूच्या आत बारीक पोकळी असते आणि दोन सुतांच्या मधे भोकं असतात. ही सगळी जागा रेझिन भरून काढतं. शिवाय पीळ जितका घट्ट, तितकं सुताच्या मध्यापर्यंत रेझिन पोचायला कठीण. बाहेरून ओलं दिसतं, आत कोरडं राहतं.

ताकदीचंही सांगतो. काचेच्या तंतूचा ताठपणा 72 गिगापास्कलच्या आसपास असतो. चांगल्या फ्लॅक्सचा, म्हणजे लिननच्या तंतूचा, 50-60 पर्यंत जातो, ज्यूटचा 15 ते 30 आणि कापसाचा 6 ते 12. काच वजनानं भारी, घनता अडीचच्या वर. वनस्पतीचे तंतू दीडच्या आसपास. वजनाच्या हिशेबात फ्लॅक्स काचेच्या बरोबरीला येतो, किंबहुना थोडा पुढेच जातो, ज्यूट मागे पडतं आणि कापूस फारच मागे. हे आकडे मात्र सरळ, सुट्या तंतूचे आहेत. पिळून विणलं की त्यांतला मोठा भाग हातचा जातो.

एवढं ऐकून विचार सोडून देऊ नका. या कापडांचा एक गुण काचेत नाही, तो म्हणजे जाडी. तीनशे ग्रॅम गोणपाटाचा एक थर रेझिनसकट पाऊण मिलिमीटर जाड होतो. चार औंस काचेचा थर एक पंचमांश मिलिमीटरसुद्धा होत नाही. थर्माकोलवरच्या पातळ कवचाला खड्डा पडतो तो टाचेच्या दाबानं. तो दाब झेलण्यात जाडीचा वाटा फार मोठा असतो, कारण पत्रा दुप्पट जाड केला की वाकवायला आठपट जोर लागतो. माझ्या ज्यूट लावलेल्या बोर्डांवर, जिथे उभं राहतो तिथे, काचेच्या बोर्डांपेक्षा खड्डे कमी पडलेत. दुसरा गुण म्हणजे हे कापड थरथर गिळतं. वाऱ्यानं खडबडीत झालेल्या पाण्यावर काचेचा बोर्ड पायाखाली टरटरतो, लिननचा कमी. हे माझ्या पायांनी जाणवलेलं आहे, आणि फ्लॅक्सचे तंतू कंपनं लवकर विझवतात हे मोजमापानंही दिसलेलं आहे.

कापड आणि रेझिन ही जोडी नवी आहे असंही समजू नका. सुती कापड फेनॉलिक रेझिनमध्ये दाबून केलेले तक्ते गिअर आणि बेअरिंगसाठी कित्येक दशकं वापरात आहेत. आपल्याकडचे फिटर त्याला सरसकट हायलम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात 1940 च्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्लॅक्स आणि फेनॉलिक रेझिन वापरून स्पिटफायर विमानाचा सांगाडा प्रयोगादाखल बनवला होता. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे पत्रे कापसाच्या टाकाऊ तंतूंचे आणि रेझिनचे होते. त्याही आधी आपल्या किनाऱ्यावरच्या लाकडी होड्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वर राळ आणि तेल लावतच होते. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: दाब. कारखान्यात प्रेसचा, होडीच्या सांध्यात फळ्यांचा. तुमच्या घरी प्रेस नाही, म्हणून दाब कुठून आणायचा याचा विचार आधी करायचा.

आता कापडं. गोणपाट स्वस्त, सगळीकडे मिळतं, दिसायला सोनेरी-तपकिरी. पण ते सूत गिरणीत कातताना मऊ करण्यासाठी खनिज तेल लावतात. नव्या बारदानाला रॉकेलसारखा वास येतो तो त्याचाच. हे तेल रेझिनला धरू देत नाही. ज्यूट घ्यायचंच तर शक्यतो अन्नधान्याच्या पिशव्यांसाठी वनस्पती तेल वापरून केलेलं घ्या, आणि वीण जितकी घट्ट मिळेल तितकी घ्या. नावाचा घोळ होऊ देऊ नका. बियाण्याच्या दुकानात हिरवळीच्या खताचा जो ताग मिळतो, ती वेगळी वनस्पती. काथ्याबद्दल विचारणारेही भेटतात, कारण सिंधुदुर्गात तो हाताशी असतो. काथ्या दोरीला आणि पायपुसण्याला उत्तम, बोर्डाला नको. फार लवचीक आणि फार जाड.

लिनन माझं सगळ्यात आवडतं. खरा फ्लॅक्सचा तंतू फ्रान्स आणि बेल्जियमच्या किनारपट्टीत पिकतो. आपल्याकडे विदर्भात जवस होतं ते बियांसाठी, बुटकं आणि फांद्यांचं. त्याचा लांब तंतू निघत नाही. आपल्याकडे विणलेलं शर्टाचं लिनन मिळतं, त्याचंही सूत पिळलेलं असतं, तरी गोणपाटापेक्षा ते चपटं बसतं आणि रेझिन कमी पितं. दीडशे-दोनशे ग्रॅमचं, न रंगवलेलं, शंभर टक्के लिनन मागा. त्यात पॉलिएस्टरची भेसळ आहे का हे बघायला कडेचं एक सूत जाळा. राख झाली तर ठीक, काळी गोळी झाली तर परत करा.

बांबूच्या कापडापासून सावध राहा. कपड्याच्या दुकानात 'बांबू' म्हणून जे मिळतं ते बहुतेक व्हिस्कोस असतं, म्हणजे बांबूचा लगदा करून काढलेला धागा. ओला झाला की त्याची ताकद घटते. बांबूच्या पातळ चिरफळ्या मात्र कामाच्या आहेत, खासकरून फिनच्या पोटात.

सुती कापड ताकदीसाठी लावू नका, शोभेसाठी जरूर लावा. त्यातही नव्या मांजरपाटापेक्षा जुनं कापड चांगलं. एका मुलानं आजीच्या नऊवारी लुगड्याचा तुकडा आणला होता, डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूला, नाकाजवळ बसवायला. शेकडो वेळा धुतलेलं, खळीचा मागमूस नाही, हातात घेतलं तर पाण्यासारखं ओघळत होतं. त्यावर रेझिन टाकलं आणि पट्टी फिरवायच्या आधीच ते आत शिरलं. हिरवं अंग गडद झालं, काठाच्या लाल सुताची एकेक गाठ दिसायला लागली. पण अंगातल्या पांढऱ्या बुट्ट्या गायब झाल्या! कापूस रेझिनमध्ये जवळजवळ पारदर्शक होतो, मग पांढऱ्याच्या जागी खालचा फोम दिसतो. म्हणून छापील किंवा विणलेलं कापड लावताना खाली आधी पांढरा रंग द्या. खणाचं कापडही छान दिसतं. फक्त एका तुकड्यावर रेझिन टाकून रंग फुटतो का ते आधी बघा.

आता वाळवण्याबद्दल. इथेच सगळ्यात जास्त बोर्ड बिघडतात. कापड हाताला कोरडं लागलं म्हणून ते कोरडं नसतं. व्यापारात ज्यूटच्या सुतात 13.75 टक्के, लिननमध्ये 12 टक्के आणि कापसात 8.5 टक्के ओलावा धरूनच चालतात. तीनशे ग्रॅमच्या गोणपाटात चौरस मीटरमागे पस्तीसेक ग्रॅम पाणी लपलेलं असतं. पावसाळ्यात त्याहून जास्त. रेझिन तापत घट्ट होताना हे पाणी बाहेर पडू बघतं आणि तिथेच बुडबुडे करून बसतं.

माझा पहिला ज्यूटचा बोर्ड असाच गेला. बारदानाच्या दुकानातून तागा आणला, झटकला आणि लावला. दिसायला देखणा झाला होता. पाच महिन्यांनी मागच्या पायाच्या जागी अंगठ्यानं दाबलं तर कातडं खाली जाऊन चक् असा आवाज करत वर यायचं. तिथे कापून एक पट्टी सोलली. रेझिनमधून सूत शेंगेतून दाणा निघावा तसं अख्खं बाहेर आलं. दोन बोटांत पिळलं तर आत ठार कोरडं, आणि रॉकेलचा वास तेव्हाही येत होता. काचेच्या कामाच्या सवयीनं मी चुकलो होतो. काचेचं कापड गुंडाळीतून काढून थेट लावता येतं. हे कापड आधी तयार करावं लागतं.

म्हणून माझी पद्धत अशी. कापड मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर घालून अर्धा तास उकळायचं. ज्यूटचं पाणी चहासारखं तांबडं होतं आणि वर तेलाचा तवंग दिसतो. ते ओतून परत एकदा उकळायचं, मग साध्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळायचं. नव्या सुती कापडाची खळही अशीच जाते. प्रयोगशाळांत कॉस्टिक सोडा वापरतात, पण घरी नको, हात आणि डोळे भाजतील. पिळू नका, वीण वाकडी होते. सपाट पसरून वाळवा. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल शिल्लक आहे, परत धुवा. टाकताच पसरला तर काम झालं.

यानंतर खरं वाळवणं. त्याच कापडाची एक हातभर पट्टी वेगळी कापून ठेवा, म्हणजे तोलायला सोपी. रेझिन लावायच्या दिवशी कापड कडक इस्त्रीनं, वाफ बंद ठेवून, सावकाश दोन्ही बाजूंनी भाजल्यासारखं काढा, आणि ती पट्टीही त्याच वेळी. पट्टी दर फेरीला तोला. वजन उतरायचं थांबेपर्यंत इस्त्री थांबवायची नाही. मग गरम असतानाच कापड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि तासाभरात वापरा. उघडं ठेवलं तर हवेतलं पाणी ते परत ओढून घेतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा या कामात रेझिनइतकाच गरजेचा आहे.

तुम्ही पुण्यात आहात हे तुमच्या सोयीचं आहे. डिसेंबर ते मार्च तिथली हवा इतकी कोरडी असते की आम्हाला हेवा वाटावा. आमच्याकडे जूनपासून नारळी पौर्णिमेच्या पुढेही महिनाभर मी या कापडांना हात लावत नाही. दमट हवेत इपॉक्सीवर (बोर्डाला वापरतात ते एक रेझिन) मेणचट साय धरते आणि पुढचा थर चिकटत नाही.

तर इथवरचं लक्षात ठेवा: धुवा, थेंब टाकून बघा, तोलत तोलत वाळवा. कापड ज्यूट असो की लिनन, एवढं न करता लावलं तर पुढचं सगळं वाया.

कुठे लावायचं? माझा पक्का सल्ला, पहिल्या बोर्डाला मिश्र काम करा. डेकवर काचेचा एक थर कडेवरून वळवून, आणि त्याच्या खाली फक्त उभं राहायच्या जागेत, छातीखालपासून शेपटीपर्यंत, लिनन किंवा बारीक ज्यूटचा तुकडा. तळाला हवं तर पूर्ण लिनन, पण कडा मात्र काचेच्या. याला कारणं आहेत. वनस्पतीचे तंतू ताण बरा सोसतात, दाबाखाली लवकर मोडतात. बोर्ड वाकतो तेव्हा एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. त्या दाबल्या जाणाऱ्या बाजूला थोडी काच असली की बोर्ड घडी पडून तुटण्याचा धोका कमी होतो. दुसरं कारण कडा. गोणपाट वाकवून कडेवर बसत नाही, सुतं उभी राहतात, आणि बोर्ड आपटतो तो नेमका कडेवर. काचेला टवका गेला तर पाणी तेवढ्या जागेपुरतं जातं. ज्यूटला टवका गेला तर सूत वातीचं काम करतं. एका बोर्डाची कड खडकाला घासली, चण्याएवढी जखम होती. मालकानं महिनाभर दुर्लक्ष केलं. बोर्ड माझ्याकडे आला तेव्हा त्या चण्यापासून दोन्ही बाजूंना वीतभर काळा डाग गेला होता, आणि कापलं तर कुजलेल्या पेंढ्यासारखा वास आला.

थर्माकोलवर पॉलिएस्टर रेझिन लावू नका. त्यातलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं, दोन मिनिटांत खड्डा. थर्माकोलला इपॉक्सीच. त्यातही आपल्याकडे सहज मिळणारं साधं इपॉक्सी मधासारखं घट्ट असतं, ते जाड सुतात उतरत नाही. लॅमिनेशनसाठीचं पातळ इपॉक्सी मागा, आणि गोठायला किमान अर्धा-पाऊण तास घेणारं हार्डनर. ठोकळा घनमीटरला 20 ते 30 किलोचा असेल तर उत्तम, पॅकिंगचा हलका थर्माकोल दबतो. आकार देताना शक्य तिथे गरम तारेनं कापा. करवतीनं आणि पॉलिश पेपरनं जे मणी उडतात ते गटारातून नदीत आणि तिथून आमच्या किनाऱ्यावर येतात. घासणं टाळता येत नाही तिथे खाली चादर अंथरा आणि मणी गोळा करा. हे कापडाच्या निवडीइतकंच महत्त्वाचं आहे, मी तर म्हणेन जास्त.

लावण्याची वेळ संध्याकाळी चारनंतरची. सकाळी सुरू केलं तर दिवस तापतो, फोममधली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे काढते. संध्याकाळी तीच हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. आधी फोमवर रेझिन आणि मायक्रोबलूनचा (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) पातळ लेप द्या, म्हणजे भोकं बुजतात. कापड बोर्डावर सुकं टाकू नका. टेबलावर प्लॅस्टिक अंथरून त्यावर कापड पसरा, रेझिन ओता आणि दहा मिनिटं थांबा. सूत पिऊ द्या. जिथे रंग फिका राहिला तिथे अजून थोडं द्या. मग तिथेच पट्टीनं जोरात निपटून जादा रेझिन काढा आणि भिजलेलं कापड उचलून बोर्डावर ठेवा. त्यावर बिनलेपाचं नायलॉनचं अस्तराचं कापड पसरून परत एकदा पट्टी ओढा. गोठल्यावर नायलॉन सोलून निघतं आणि जादा रेझिन बरोबर घेऊन जातं. एवढ्यानं माझं रेझिन कापडाच्या दुपटीवरून दीडपटीच्या आसपास आलं. फ्रिजच्या जुन्या कंप्रेसरवर व्हॅक्यूम करता आलं तर आणखी खाली येतं. फक्त थर्माकोलवर पूर्ण व्हॅक्यूम देऊ नका, तो चेपतो. एक तृतीयांश वातावरण पुरे.

वरचा भरणीचा, म्हणजे वीण बुजवणारा रेझिनचा, थर जाड द्या आणि पॉलिश पेपर मारताना विणीपर्यंत जाऊ नका. काच घासली तर धूळ होते, ज्यूट घासलं तर केस उभे राहतात. मग ते केस रेझिनमध्ये परत बसवता बसवता दिवस जातो. धूळ खाजत नसली तरी मास्क घाला, आणि इपॉक्सीला नायट्राइलचे हातमोजे हवेतच. अंगावर एकदा त्याची ॲलर्जी बसली की जन्मभर जात नाही. आमच्यातल्या दोघांना हे काम त्यामुळे सोडावं लागलं.

आता फिन. मला तर वाटतं, तुम्ही सुरुवात फिननेच करा. कारण इथे दाब मिळतो. दोन जाड काचांवर मेण घासा, मधे रेझिननं भिजवलेले थर रचा आणि शिकंजांनी आवळा. जादा रेझिन कडेनं बाहेर येतं आणि घरात बसून कारखान्यासारखं काम होतं. गोणपाटाचा एक थर अशा दाबाखाली अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर उतरतो, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीला दहा-अकरा थर. मांजरपाटाचे वीस-बावीस. सगळे एकदम रचू नका. जाड गठ्ठ्यात रेझिन इतकं तापतं की धूर निघतो. आठ-दहा थर, मग विश्रांती, मग पुढचे.

पण फिनमध्ये एक फसगत आहे. बोर्डावर कापड पांघरुणासारखं असतं. फिनला मात्र तक्ता करून नंतर घासून आकार देतात. जाडीच्या जागेपासून धारेकडे येताना एकेक थर कापला जातो आणि नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या कडा उघड्या पडतात. दिसायला फार सुरेख दिसतं, पण त्या प्रत्येक रेषेवर सुताची कापलेली तोंडं पाणी प्यायला उघडी असतात. शिवाय ताकद बाहेरच्या थरांत असते, आणि घासताना तेच आधी जातात. म्हणून उलट क्रमानं जा. ज्यूटचा किंवा बांबूचा तक्ता हव्या जाडीपेक्षा एक मिलिमीटर पातळ करा, घासून पूर्ण आकार द्या, कडेला काचेच्या सुट्या दोऱ्याची रेझिनमध्ये भिजवलेली कड फिरवा आणि मग दोन्ही बाजूंना चार औंस काचेचे दोन-दोन थर चढवा. तपकिरी विणीच्या भोवती पारदर्शक कड उजेडात धरली की मधाच्या थेंबासारखी दिसते. अशा फिन माझ्याकडे सहा वर्षं जुन्या आहेत.

पूर्ण ज्यूटच्या फिन काचेच्या निम्म्याहूनही कमी ताठ होतात. लहान लाटेवर, मोठ्या एकाच फिनला ती लवचीकता गोड वाटते. तीन फिनच्या बोर्डाला वळताना मागे पाय दिला की त्या मुडपतात. आणि फिन ज्या खाचेत बसते तो भाग, खास करून दोन छोट्या दातांवर बसणारी पद्धत असेल तर, अख्खा काचेचाच करा. त्या दातांवर सगळा जोर येतो. ज्यूटचे दात मी तीनदा केले आणि तीनही वेळा मुळातून गेले.

फिनसाठी पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर एक इशारा. त्यात कोबाल्ट (रेझिन लवकर गोठवणारं द्रव्य) आणि हार्डनर दोन्ही घालतात. ते एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळा, मगच हार्डनर घाला. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

तुम्ही निसर्गाचं विचारलंत, त्याबद्दल मनापासून सांगतो. गोणपाट इपॉक्सीत बुडालं की ते कुजत नाही, खत होत नाही, परत वेगळंही करता येत नाही. वनस्पतींपासून काही भाग काढलेली इपॉक्सी मिळतात. तीही घट्ट झाल्यावर प्लास्टिकच. तुमच्या हातात खरं काय आहे, तर रेझिन मोजून कालवणं, मणी गोळा करणं आणि बोर्ड जास्तीत जास्त वर्षं पाण्यात ठेवणं. दहा वर्षं चाललेला काचेचा बोर्ड दोन वर्षांत फेकलेल्या ज्यूटच्या बोर्डापेक्षा मला कधीही बरा वाटतो. आणि आठ वर्षं चाललेला लिननचा बोर्ड असेल तर तो मी हातात घेऊन लोकांना दाखवत फिरतो.

कापडाचा तागा विकत घेण्याआधी मात्र एवढं करा. दुकानातून अर्धा-अर्धा मीटर ज्यूट आणि लिनन आणा. त्यातले निम्मे तुकडे धुऊन, इस्त्रीनं वाळवून घ्या आणि निम्मे तसेच ठेवा. थर्माकोलच्या चार फळ्यांवर ते लावा, प्रत्येकाचं आधीचं आणि नंतरचं वजन पेनानं फळीवरच लिहा. आठवड्यानं प्रत्येकाचा एक कोपरा करवतीनं कापून उघडा करा आणि फळ्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत पंधरा दिवस बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर डाग किती बोटं आत गेला ते मोजा आणि कवच नखानं सोलून बघा. चारही आकडे इथे लिहा, म्हणजे तुमच्या कापडाला किती थर लागतील ते आपण त्यावरून ठरवू.